टोकन द्यायच्या आधी एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत जाऊन या

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार. मी ठाण्याला राहतो, वय 54, बँकेत आहे, रिटायर व्हायला अजून पाचेक वर्षं आहेत. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं तारकर्ली-देवबागला गेलो आणि खरं सांगतो, मी तिथलाच होऊन गेलो. परत येताना एका एजंटने वेंगुर्ला-शिरोडा साइडला एक एनए (बिनशेती) प्लॉट दाखवला, सात गुंठे, वरून समुद्र दिसतो. तो म्हणतो गोव्यातल्या मोपा एअरपोर्टमुळे वर्षभरात रेट डबल होणार, महिनाअखेरीपर्यंत 2 लाख टोकन दिलं तर आजचा रेट लॉक. दुसरा ऑप्शन म्हणजे मालवण तालुक्यातलं एक जुनं कौलारू घर, नारळ-पोफळी, विहीर, सगळं आहे पण सातबाऱ्यावर 14 नावं आहेत, त्यातला एक भाऊ त्याचा हिस्सा विकायला तयार आहे. माझं बजेट सगळं मिळून 40 लाख, त्यातले बरेचसे पीएफमधून काढावे लागतील. घर भाड्याने देऊन थोडं उत्पन्न मिळेल असाही विचार आहे. आमच्या घरात शेती नाही, मिसेसच्या माहेरी कराडकडे आहे. मिसेसचं म्हणणं आहे की दरवर्षी जाऊन चांगल्या हॉटेलात राहू, घर कशाला. मुलगा कॅनडात आहे, तो म्हणतो माझ्या नावावर घ्या. काय करू?"

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरं वाटलं कारण माझं सासर वेंगुर्ला तालुक्यातलं आहे आणि आमच्या गावावर कुणाचा एवढा जीव जडला की मला आनंदच होतो. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा काळजी वाटली. म्हणून मुद्द्याचं आधी सांगते, महिनाअखेरीला टोकन देऊ नका. प्लॉट वाईटच आहे असं मी म्हणत नाही, मी तो पाहिलेला नाही. पण तुम्ही तो डिसेंबरच्या एका दुपारी बघितलात, आणि डिसेंबरमध्ये आमचा सगळा जिल्हा स्वर्ग असतो, तेव्हा कुठलीही जमीन आवडतेच.

रेट डबल होण्याचं आधी बोलून टाकू कारण तुम्हाला घाई त्याचीच झालीय. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला 1997 ला, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 ला, चिपीचं विमानतळ झालं ऑक्टोबर 2021 मध्ये आणि मोपा चालू झालं जानेवारी 2023 मध्ये. प्रत्येक वेळी हेच ऐकलंय की आता घ्या नाहीतर हातचं गेलं. जमिनीचे भाव वाढलेत हे खरं आहे, आणि उत्तर गोव्यात गर्दी नि किमती दोन्ही वाढल्यामुळे लोक तेरेखोलची खाडी ओलांडून रेडी-शिरोड्याकडे बघायला लागलेत हेही खरं. पण भाव वाढणं वेगळं आणि तुम्हाला हवं तेव्हा गिऱ्हाईक मिळणं वेगळं. गावाकडची जमीन घेताना चार लोक मागे लागतात आणि विकायला काढली की दोन-दोन वर्षं कुणी फिरकत नाही, हे मी आमच्याच वाडीत बघते. तुमचे पैसे पीएफचे आहेत, म्हणजे उद्या आजारपण निघालं तर जे मोडायला लागतील तेच. तेव्हा इन्व्हेस्टमेंट हा शब्द सध्या बाजूला ठेवा आणि मला तिथे राहायचंय का एवढंच विचारा.

आता प्लॉट. तुम्ही लिहिलंय वरून समुद्र दिसतो, म्हणजे बहुतेक तो सड्यावर आहे. सडा म्हणजे कातळाचं पठार, जांभा दगड, पावसाळ्यात वर हिरवंगार गवत आणि रानफुलं, फोटो तर असे येतात की विचारू नका. पण गावातली जुनी वस्ती तुम्हाला सड्यावर दिसणार नाही, ती खाली असते, उतारावर किंवा व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या आसपास, जिथे माती आहे आणि विहिरीला पाणी लागतं. सड्यावर पाण्याचे वांधे असतात आणि वारा असा लागतो की पत्रे राहत नाहीत. एजंटला एकच विचारा, इथे एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून येतं? तो बोअर मारू म्हणाला तर शेजारच्या कुठल्या बोअरला किती फुटांवर लागलंय आणि मेपर्यंत टिकतं का ते दाखव म्हणा. टँकर येतो असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ तुम्हाला कळलाच.

एनए आहे असं नुसतं तोंडी सांगितलेलं चालत नाही. बिनशेती आदेशाची कॉपी मागा, मंजूर लेआउटचा नकाशा मागा, त्यात तुमचा प्लॉट नंबर आणि त्याच्यापर्यंत येणारा रस्ता दाखवलाय का ते बघा, आणि तुमच्या प्लॉटचा सातबारा वेगळा झालाय का ते बघा. बऱ्याच ठिकाणी काय होतं की मोठ्या जमिनीच्या कोपऱ्यातल्या एका तुकड्याचं एनए झालेलं असतं आणि बोर्ड सगळ्या जमिनीवर लागतो, किंवा रस्ता दुसऱ्याच्याच जमिनीतून जात असतो आणि तो माणूस तुमचं घर बांधून होईपर्यंत गप्प बसतो. प्लॉटिंगची स्कीम 500 चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराला, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे नोंद लागते, फ्लॅट नसला तरी लागते. नंबर घ्या, वेबसाइटवर टाका, पाच मिनिटांचं काम आहे, आणि नंबरच नसेल तर तो विषय तिथेच थांबवा.

सीआरझेडचंही, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामावरच्या नियमांचंही ऐका, कारण तुमचं मन खरं देवबागमध्ये अडकलंय हे पत्रावरून दिसतंय आणि उद्या तिथला एखादा तुकडा कुणी दाखवला की तुम्ही पाघळणार. 2019 च्या सीआरझेड नोटिफिकेशनप्रमाणे विरळ वस्तीच्या गावात भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत ना विकास क्षेत्र असतं, म्हणजे तिथे नवीन घर बांधता येत नाही, आणि 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोक असलेल्या दाट गावात ते 50 मीटर. ही रेषा कुठून धरायची ते सरकारी किनारा आराखड्याच्या नकाशावर ठरतं, एजंटने पावलं टाकून मोजून दाखवलं त्यावर नाही. खाडीकाठालाही सीआरझेड लागतं हे लोक विसरतात. शेजारच्याने बांधलंय म्हणून मलाही चालेल असं धरू नका, शेजारचं घर तिथल्याच माणसाचं जुनं घर असू शकतं ज्याला वेगळी मुभा आहे, किंवा ते बेकायदा असू शकतं आणि त्याला नोटीस आलेली असू शकते.

आणि कायदा सोडा, देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची पट्टी. तिथे किनारा खचतो म्हणून दगडी बंधारे टाकलेत, ते तुम्ही फिरताना पाहिलेच असतील, फक्त ते कशासाठी आहेत हे डिसेंबरमध्ये कुणाच्या डोक्यात येत नाही. उधाणाच्या भरतीला लाटा कुठपर्यंत येतात हे तिथल्या बाईला विचारा, तुमच्या रिसॉर्टच्या मॅनेजरला नको. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांत माड आणि विजेचे पोल आडवे झाले आणि कितीतरी वाड्यांमध्ये दिवसचे दिवस लाईट नव्हती.

आमच्याकडची जुनी घरं नीट बघितलीत तर कळेल, आधी पुळण म्हणजे वाळूचा किनारा, मग सुरूची किंवा केतकीची रांग, मग माडाची बाग, आणि त्याच्या मागे घर. घरातून समुद्र दिसत नाही, फक्त गाज ऐकू येते. मासेमारी करणाऱ्यांची वस्ती पुढे असते कारण त्यांना होड्या नि जाळी सांभाळायची असतात, तो त्यांचा धंदा आहे. बाकी सगळे मागे. मी तुम्हाला अगदी ठामपणे सांगते, समुद्र दिसणाऱ्या घरापेक्षा समुद्रावर दहा मिनिटं चालत जाता येईल असं घर घ्या. पैसे कमी लागतील, कागद सरळ असायची शक्यता जास्त, आणि खिडकीची लोखंडी ग्रिल दर दोन वर्षांनी खरवडून रंगवावी लागणार नाही.

आता मुख्य काम. घ्यायच्या आधी दोनदा जा, एकदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि एकदा जुलैत, आणि रिसॉर्टमध्ये राहू नका, गावातल्या कुणाच्या तरी निवास-न्याहारीत राहा. मेमध्ये विहिरी बघा. दोर किती खाली जातो, पाणी गढूळ येतं का, आणि किनाऱ्याजवळ असाल तर चव घेऊन बघा, कारण फेब्रुवारीपर्यंत गोड असणारं पाणी मेमध्ये मचूळ होतं. घरवाल्याला विचारू नका, शेजारणीला विचारा की तुम्ही प्यायचं पाणी कुठून आणता.

जुलैत जाल तेव्हा कपडे वाळत नाहीत हे पहिलं कळेल. वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत स्कूबा, पॅरासेलिंग, किल्ल्याच्या होड्या सगळं बंद, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे ताजी सुरमई-पापलेट विसरा, सुकं आणि खाडीचं काय मिळेल ते. बाजारपेठ संध्याकाळी सातला सामसूम. मला स्वतःला हे दिवस फार आवडतात, पडवीत बसून पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा खावा आणि पागोळ्या बघाव्यात. पण मला आवडतात म्हणून तुम्हाला आवडतील असं नाही. ज्याला ते चार महिने सोसत नाहीत त्याचं घर वर्षातले आठ-दहा महिने बंद राहतं, आणि बंद घर ही आमच्याकडे फार वाईट गोष्ट आहे.

किती वाईट ते सांगते. आमच्या वाडीत मुंबईच्या एका कुटुंबाचं छान बांधलेलं घर आहे, मेमध्ये कुलूप लावून गेले ते गणपतीला आले. दार फुगून चौकटीत बसलेलं, ते दोघांनी खांदा लावून उघडलं. आत गेल्यावर वास. गादीच्या खालच्या बाजूला हिरवी-काळी बुरशी, कपाटातल्या चादरी ओलसर, देवाच्या फोटोंवर पांढरट थर. भिंतीच्या कोपऱ्यातून वाळवीची मातीची रेघ थेट दाराच्या चौकटीपर्यंत गेलेली, बोटाने दाबलं तर लाकूड आत गेलं. इन्व्हर्टरची बॅटरी गेलेली, एसीच्या बाहेरच्या युनिटचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने पापड झालेला. गणपतीचे पहिले दोन दिवस त्या बाईंचे नुसते पुसण्यात गेले, आणि पाट मांडायचा तो शेवटी आमच्या पडवीत मांडून नैवेद्याची तयारी केली त्यांनी. माणसं चांगली आहेत, पैसाही आहे, फक्त घर उघडणारं कुणी नव्हतं.

म्हणून घर बघताना शेजार बघा असं मी म्हणते. आठवड्यातून एकदा दारं-खिडक्या उघडेल, पावसाआधी कौलं चाळून फुटकी बदलून घेईल, पश्चिमेच्या बाजूला पाऊस अडवायला झडी लावेल, पन्हळीतला पाला काढेल असं माणूस हवं. त्याला महिन्याला पगार द्यायचा, नीट द्यायचा, आणि त्याला वॉचमन समजायचं नाही. माडावर चढणारा मिळणंही आता सोपं राहिलेलं नाही, मजुरी वाढलीय आणि माणसं कमी झालीत. मेंटेनन्सचा हा खर्च तुमच्या 40 लाखांत धरलेला दिसत नाही, तो धरा. घर, जमीन, मुद्रांक शुल्क, वकील, मोजणी, कंपाउंड, पाणी, लाईट कनेक्शन हे सगळं करून हातात निदान चार-पाच लाख उरले पाहिजेत, नाहीतर पहिल्याच पावसात तुमची झोप उडेल.

आता त्या जुन्या घराकडे वळते. खरं सांगू का, दोन्हींत मला ते घर जास्त आवडलं. विहीर आहे, झाडं आहेत, वस्तीत आहे. पण 14 नावांतल्या एकाचा हिस्सा घेणं म्हणजे घर घेणं नाही. वाटप झालेलं नसताना त्या भावाकडे विकायला आहे तो फक्त कागदावरचा अविभक्त हिस्सा, अमुक खोली आणि तमुक माड त्याचा असं काही ठरलेलं नाही. आणि राहत्या घराच्या बाबतीत तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 सरळ सांगतं की एकत्र कुटुंबाच्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला तरी त्याला बाकीच्यांबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही. म्हणजे पैसे देऊन तुम्ही घेणार काय तर वाटपाचा दावा, आणि तो दावा तुमच्या रिटायरमेंटपेक्षा लांब चालू शकतो. शिवाय त्या 14 मधले काहीजण वारले असतील, त्यांच्या वारसांच्या नोंदी झालेल्या नसतील, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचे हक्क आहेत, कुणी परळला, कुणी बडोद्याला, कुणाचा पत्ताच नाही. आमच्याकडे हे घरोघरी आहे, सगळे चाकरमानी, घर सगळ्यांचं आणि गणपतीत सगळे येणार.

तरी तो विषय सोडूनच द्या असं मी म्हणत नाही. त्या भावाला सांगा की मला घर आवडलंय, पण सगळ्यांच्या सह्या झाल्या तरच घेईन. रजिस्टर वाटपपत्र होऊन घर ज्याच्या वाट्याला येईल त्याच्याकडून घेईन, किंवा सगळे एकत्र खरेदीखतावर येतील तर घेईन. एक वर्ष थांबायची तयारी ठेवा. गणपतीत सगळे भाऊ-बहिणी घरात असतात तेव्हा जाऊन भेटून या, मोदक खाऊन या, आणि कानोसा घ्या की खरंच सगळ्यांना विकायचंय की एकालाच पैशांची नड आहे. एकालाच नड असेल तर त्या घरात पाऊल टाकू नका, मग ते कितीही स्वस्त असो. तुमच्यामुळे एका घरातला गणपती बंद पडला असं गावात झालं तर तुम्हाला तिथे कुणी दूध पण घालणार नाही, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही.

कागद बघायला वकील तिथलाच घ्या, ओरोस किंवा कुडाळ-मालवणचा, ठाण्याचा नको. त्याचं कारण आमच्या जिल्ह्याच्या जमिनींना आमचीच दुखणी आहेत. सातबाऱ्यावर वनसंज्ञा (जंगल म्हणून) अशी नोंद असेल, आकारीपड (सारा थकल्याने सरकारकडे गेलेली) असेल, देवस्थानची जमीन असेल, इतर हक्कात कुळाचं नाव असेल, भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल, तर प्रत्येकाची भानगड वेगळी आणि परवानगी वेगळी. तिथला वकील नुसता सातबारा बघून सांगेल की इथे वेळ घालवू नका. मालकीचा 30 वर्षांचा सर्च, जुने फेरफार, पेपरात जाहीर नोटीस, आणि भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी, हे सगळं पैसे द्यायच्या आधी. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. शेजारच्या खातेदारांना नोटिसा जातात, ते येतात, आणि गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावरून कुणाचं काय म्हणणं आहे ते तिथेच उभ्या उभ्या कळतं. पाणंद कुठून जाते, विहिरीवर आणखी कुणाचा पाण्याचा हक्क आहे, तुमच्या परसातून कुणाची देवळाकडची पायवाट आहे, हे सगळं त्या दिवशी विचारून घ्या. पायवाट असेल तर ती राहू द्या, गेट लावून बंद करू नका, गावात नवीन माणसाचं पहिलं भांडण बहुतेक त्यावरूनच होतं.

शेतजमिनीचं एक राहिलं. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, कूळ कायद्याचं कलम 63. मालवणचं ते जुनं घर ज्या जमिनीत आहे ती गावठाणात आहे की शेतीची आहे ते आधी बघा, कारण नारळ-पोफळीची बाग ही कागदावर शेतीच असणार. कुणी एजंट शेतकरी दाखला काढून देतो म्हणाला तर तिथून उठा. खोट्या दाखल्यावरचा व्यवहार अवैध ठरतो, जमीन सरकारजमा होऊ शकते, वर गुन्हा. पण वहिनींचं माहेर शेतकरी आहे असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांचं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून लागलंय का? लागलं असेल तर त्या कागदोपत्री शेतकरी आहेत आणि शेतजमीन त्यांच्या नावावर घेता येईल, वकिलाकडून खात्री करून घ्या. शिवाय तयार घर किंवा फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, रिकाम्या प्लॉटला नाही.

आणि यावरूनच सांगते, वहिनींचं हॉटेलचं म्हणणं तुम्ही पत्रात एका ओळीत उडवून लावलंय ते मला पटलं नाही. त्या चुकीचं बोलत नाहीयेत. सुट्टीच्या घरात सुट्टी कुणाला असते? तुम्ही समुद्रावर जाणार आणि त्या जाळी-कोळिष्टकं काढणार, आठ दिवसांत निघायची वेळ येणार आणि परत भांडी घासून, फ्रीज पुसून, गॅस बंद करून कुलूप. तीस वर्षं ठाण्यातलं घर केल्यावर दुसरं घर करायची हौस नसेल तर तो त्यांचा हक्क आहे. त्यांना नुसतं घ्यायचं का असं विचारू नका, तिथे गेल्यावर तुझा दिवस कसा जाईल असं विचारा. मे-जुलैच्या दोन्ही खेपांना त्यांना न्या आणि शेजारच्या बायकांशी त्यांना निवांत बोलू द्या. त्यांचं मन रमलं नाही तर घेऊ नका, त्या म्हणतात तसं दरवर्षी जाऊन राहा, त्यातही गावातल्या माणसालाच चार पैसे मिळतात.

भाड्याच्या उत्पन्नाचं मात्र फार धरू नका. सीझन म्हणजे दिवाळी, नाताळ, मे महिना आणि मधले लाँग वीकेंड, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला आणि तुमच्या भावंडांना घर हवं असणार. पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करता येते, पण पाहुण्यांचं करणारं कुणीतरी घरात राहावं लागतं, चादरी, नाश्ता, मासे, रात्री दीडला आलेली गाडी. ज्यांचं चांगलं चालतं ती कुटुंबं तिथेच राहतात. ठाण्यात बसून व्हॉट्सअपवर होमस्टे चालवणारे मी बघितलेत, दोन वर्षांत कंटाळतात.

प्रवास आणि दवाखाना थोडक्यात. चिपीच्या विमानांचा भरवसा धरू नका, कधी चालू कधी बंद. मोपा चांगलं आहे, शिरोडा-वेंगुर्ल्याला तासा-दीड तासात पोचता. रेल्वेचं रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीचं दोन-चार मिनिटांत वेटिंगला जातं. महामार्गाचं काम 2011 पासून चाललंय, सिंधुदुर्गातला पट्टा झकास झालाय, त्रास तुमच्या बाजूला, रायगडात आहे. आणि सीरियस काही झालं तर आमच्या भागातले लोक अजूनही गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जातात. तुम्हाला शुगर, बीपी, हार्टचं काही असेल तर बांबोळीला किती वेळ लागतो ते रात्री एकदा गाडी चालवून बघा. या एका कारणासाठी मी तुम्हाला देवगड-आचऱ्यापेक्षा वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडीच्या टप्प्यातलं काही बघा असं सांगेन.

मग आत्ता काय करायचं? माझं ऐकाल तर यंदा एक घर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घ्या. गावात रिकामी घरं भरपूर आहेत, मालक मुंबईला असतो आणि कुणी माणूस घरात दिवा लावतोय म्हटल्यावर तो खुशीने देतो, भाडंही ठाण्याच्या मानाने किरकोळ. वेंगुर्ल्याच्या आसपास बघा, उभादांडा, वायंगणी, आरवली, या बाजूला गर्दी कमी आहे आणि बाजार, बँक, डॉक्टर हाताशी आहेत. सामान कमी न्या. सवड मिळेल तसं जा, एकदा पंधरा दिवसांची रजा टाकून जा, आणि गावच्या जत्रेला, सप्ताहाला, लग्नाला बोलावलं तर नक्की जा. जमिनीची खरी माहिती तिथेच कळते. कुठल्या प्लॉटची केस चालू आहे, कुणाची विहीर आटते, कोण विकणार आहे आणि कोण नुसता भाव काढतोय, हे एजंटच्या आधी चहाच्या टपरीवर माहीत असतं. वर्षभराने घ्यावंसं वाटलं तर तुम्ही गिऱ्हाईक नसाल, ओळखीचे असाल, आणि तेव्हा सांगितला जाणारा भावसुद्धा वेगळा असतो.

एजंटला उद्याच फोन करून सांगून टाका की सर्व्हे नंबर, बिनशेती आदेश, लेआउट आणि महारेरा नंबर पाठवा, वकिलाने बघितल्यावर बोलू. रेट गेला तर जाऊ दे. टोकन द्यायची वेळ आलीच तर पैसे चेकने, पावती घेऊन, आणि कागद सरळ न निघाल्यास पैसे परत, असं लिहून घेतल्याशिवाय नाही.

मुलाचं शेवटी लिहिते कारण ते सोपं आहे. तो एनआरआय असेल तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे त्याला राहतं घर किंवा फ्लॅट विकत घेता येतो, शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस घेता येत नाही. एनए प्लॉट किंवा गावठाणातलं घर असेल तरच त्याच्या नावाचा विचार, नाहीतर नाहीच. वारसाने मात्र त्याला शेतजमीनही मिळू शकते, त्यामुळे तुमच्या माघारी त्याचं कसं होईल या काळजीने आज त्याच्या नावावर घ्यायची गरज नाही. घ्याल ते तुमच्या नाहीतर वहिनींच्या नावावर घ्या आणि त्याच महिन्यात साधं मृत्युपत्र करून ठेवा, म्हणजे पुढे तुमच्याही सातबाऱ्यावर 14 नावं व्हायची नाहीत.